नारळासाठी अडलेलं पाणी

साहेबाला नारळ फोडायला सवड न्हाई, म्हणून आमच्या चारीला पाणी न्हाई. आता ह्याच्यावर हसावं का रडावं ते तुमीच सांगा. मी दोन्ही करून बसले.

मी मनकर्णा. मालकाचं नाव बन्सीधर. आमचं रान चारीच्या पार शेपटाला. मोठ्या कालव्याला जिथं चारी फुटती, तिथं लोखंडी गेट हाय. तिथून पाणी निघालं की पंडितरावाच्या केळीपासून धरून सगळ्या गावाची रानं वलांडीत ते आमच्याकडं येतं. आमच्याबी खाली एकच रान, रंगनाथ आन् सुलाबाईचं. त्यांच्यापुढं नुसता वढा आन् बाभळी. म्हंजी शेपटात शेपूट आमी दोन घरं. त्यांचं बुद्धविहार गावाच्या खालच्या अंगाला, आमचा मारुती वरच्या अंगाला, पण बांध एकच हाय. त्या बांधावर बसून सुलाबाई आन् मी किती वर्षं भाकरी खाल्ली, त्याला मोजदाद न्हाई.

पूर्वी दत्तराव पाटकरी होता. सायकलवर यायचा, कॅरेजला गेटाचं हँडल बांधलेलं. माणूस काही देव न्हवता. चहा लागायचा, तंबाखू लागायची, हुरड्याच्या दिवसात पिशवी पुढं करायचा. पण पाणी यायच्या आदी सगळी चारी हिंडायचा, वरच्यांची रानात पाणी घ्यायची दारं बुजवायला लावायचा, शिव्या हासडायचा. शेजपाळीचा कायदाच तसा हाय. आदी शेवटच्या रानाला पाणी, मंग त्याच्या वरच्याला, मंग त्याच्या वरच्याला. न्हाईतर वरचे लोक पोट फुटंस्तोवर पेतेत आन् खाली वल सुदीक येत न्हाई.

दत्तराव रिटायर झाला आन् त्याची जागा गोठवली म्हणले. सुलाबाई म्हणली, "ह्या उन्हात काय गोठतंय गं मनकर्णे? आपल्याकडं तर दही लागना."

ती जागा गोठली, बाकी सगळं फोफावलं. पाटबंधाऱ्याच्या हापिसाला वरचा मजला चढला. पाणी किती सुटलं ते मोजायला एक साहेब आला, त्यानं मोजलेलं बरोबर हाय का ते बघायला दुसरा आला, त्या दोघांचं कागद वर धाडायला तिसरा. भाड्याच्या जीपा आल्या. गेल्या साली तर भुंग्यावानी घोंघावणारं यंत्र आकाशात सोडलं, कुणी किती गहू पेरला ते बघायला. ते यंत्र आमच्या शेपटापर्यंत मातर बरोबर आलं. पाणी तेवढं येत न्हाई. आन् पाणीपट्टी वाढली. नोटिशीत छापलं होतं की हापिसाचा खर्च वाढल्यामुळं पट्टी वाढवावी लागली. म्हंजी बघा, जीपीत ते बसायचे, आन् डिझेल आमच्या गव्हातून काढायचं.

गेट उघडायचं काम हरिओम नावाच्या गुत्तेदाराला दिलं. त्यानं एक माणूस ठेवला होता, पण त्याला पगारच देईना. तो बिचारा बायकोलेकरं घेऊन पुण्याला निघून गेला. मंग जुनं गेट काढून नवं बसवलं. हिरवा रंग, मोठं चाक, वर सूर्यावर चालणारी पाटी, आन् पाणी किती जातंय ते आपोआप हापिसात सांगणारी पेटी. एवढं सगळं केलं. चाक फिरवायला माणूस तेवढा ठेवला न्हाई.

औंदा कालव्याला पाणी सुटलं तवा गहू निसवून चिकात आला होता. ह्या टायमाला पाणी भेटलं तर दाणा भरतो, न्हाई भेटलं तर चिमतो, अन् चिमलेला गहू कोंबड्याबी खात न्हाईत. गेल्या साली आमचं तसंच झालं. वरीसभर रेशनच्या पिठाच्या पोळ्या खाल्ल्या. औंदा मी ठरवलंच होतं, काहीबी होवो, घरचा गहू घरात आणायचा. मालकाच्या कंबरेत गॅप पडल्यापासून त्यांना दुसऱ्याच्या रानात कामाला जाता येत न्हाई. हे एक रानच काय ते आमचं.

कालवा भरून वाहायला लागला. तटावर उभं ऱ्हायलं की पाण्याचा थंडगार वारा तोंडावर यायचा. आन् आमच्या चारीत सरडे पळायलेत! गेटाच्या चाकाला साखळी, साखळीला कुलूप, किल्ली हापिसात.

मी हापशावरून घागरी वाहायला लागले. एक डोक्यावर, एक काखंत. मालकाला वजन उचलायची बंदी, तरी ते अर्धी बादली घेऊन मागं यायचे. भेगांत पाणी वतलं की सळ्ळ करून गडप व्हायचं. दोन वरंब्यांमधला एक सारा भिजवायला अर्धा दिस जायचा. माझ्या मानंची शीर आखडली, डोकं वळवायचं तर सगळं आंग वळवावं लागायचं.

"आवो, बसा खाली. कंबर पुन्हा गेली तर मी गहू बघू का तुमाला?"

"तू वाहायलीस, मी बसून कसा बघू?" मालक म्हणले.

"मंग उभं राहून बघा."

ते हसले, पण बादली खाली ठेवली न्हाई. लय राग आला मला. मालकाचा न्हाई. त्या कुलपाचा.

दुसऱ्या दिशी सुलाबाईला घेऊन मी हापिसात गेले. रंगनाथ यायलाच तयार होता, पण सुलाबाई म्हणली, "गड्याला तिथं ताटकळत ठेवतेत. बाया गेल्या की निदान बसा तरी म्हणतेत." कुठलं काय! दारातल्या माणसानं आमच्या पायाकडं बघितलं. "चपला बाहेर काढा, फरशी नवी आहे."

आत सगळे होते. मोजणारा होता, तपासणारा होता, कागद धाडणाराबी होता. पंखे फिरायलेत, चहा यायलाय. आमी एकाला विचारलं तर तो म्हणला माझ्याकडं मोजणी आहे. दुसरा म्हणला, माझं काम देखरेखीचं. गेट उघडायचं कोणाकडं हाय, असं विचारलं तर सगळे एकमेकांकडं बघायलेत. शेवटी नागेश नावाचा एक पोरगेला इंजिनेर पुढं आला. त्याच्याकडं तीन शाखांचा कारभार होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. तोच एक जरा माणसावानी बोलला.

"मावशी, गेट उघडायचं काम बाहेर दिलंय. हरिओमकडं."

"मंग त्याला फोन लावा."

"लावला. पण आता त्यालाबी उघडता येणार नाही. नव्या गेटाचं उद्घाटन व्हायचंय. मोठे साहेब येऊन जलपूजन करणार, नारळ फोडणार, मग पाणी सुटणार."

"कवा यायलेत मोठे साहेब?"

"त्यांना सवड झाली की."

सुलाबाई म्हणली, "बाळा, गव्हाला सवड न्हाई रे."

तो परत फोनकडं वळला. मी मातर गप बसले न्हाई. "आवो, आमच्या बापजाद्यांनी कवा नारळ फोडून पाट उघडला न्हाई. पाणी कालव्यात सडायलंय, गहू रानात वाळायलाय, आन् मधी तुमचा नारळ! हितं एवढे लोक खुर्च्या गरम करायलेत. एकानं उठून ती किल्ली घ्यावी आन् चाकाला चार येढे द्यावे. त्याला काय कॉलेज लागतं का?"

पंख्याखालचा एक जण म्हणला, "ए बाई, आवाज कमी. हे सरकारी ऑफिस आहे."

"सरकारी हाय म्हणूनच आले. माझ्या भावाचं असतं तर कवाच कुलूप तोडलं असतं."

आमाला बाहेर काढलं. चपला हातात घेऊन आमी पायऱ्या उतरलो. सुलाबाईचं तोंड रागानं काळंठिक्कर पडलं होतं. रस्ताभर मी बडबडत ऱ्हायले.

साहेबाला सवड कवा झाली म्हणता? कालव्याचं आवर्तन, म्हंजी पाणी सोडायची मुदत, संपायची त्याच दिशी. सकाळी गेटापशी मंडप पडला. लाल गालिचा, खुर्च्या, मोठा फलक, त्याच्यावर हसरे चेहरे. एका बाजूला आचारी वांग्याची भाजी घोटायलेत आन् जिलब्या सोडायलेत. सरपंचाचा माणूस घरोघर हिंडला, बायांनी कलश घेऊन रांगेत उभं ऱ्हावं म्हणून. मला पुढं उभं केलं. सुलाबाईला म्हणला, "तुमी जरा मागं ऱ्हावा."

"मागंच हाव आमी, पार शेपटाला," सुलाबाई म्हणली. "आन् कलश तुमचा तुमाला लखलाभ. आमी पूजा करीत न्हाई. आमाला पाणी पायजे."

मी डोक्यावरला कलश त्या माणसाच्या हातात दिला आन् तिच्यापाशी जाऊन उभी ऱ्हायले.

मालक आन् रंगनाथ सकाळपासूनच चारीच्या कडंनं गेले होते. पोती आन् चिखल घेऊन वरच्यांची एकेक दारं बुजवीत खाली चालले होते. पंडितरावाच्या दारावर रंगनाथ खोरं घेऊन बसणार होता. पंडितराव हितं फेटा बांधून पहिल्या खुर्चीत होते, त्यांना पत्ताबी न्हवता.

ऊन डोक्यावर आलं तवा जीपा आल्या. किती आल्या ते मोजायच्या भानगडीत मी पडले न्हाई, पण धुरळा बसायला लय येळ लागला. मोठ्या साहेबानं भाषण केलं. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवणं हेच आमचं ध्येय आहे म्हणले. टाळ्या झाल्या. आमच्या गव्हाला ऐकू गेल्या का न्हाई, देव जाणे. मंग नारळ फुटला, हळदीकुंकू गेटाला लागलं, आन् हरिओमनं पांढऱ्या कपड्यात ते चाक फिरवलं. गेट वर आलं. पाणी फेसाळत चारीत घुसलं, वाळका पाला वर उचलीत पळायला लागलं. खरं सांगते, माझ्या डोळ्याला पाणी आलं. एवढा राग होता, तरी आलं.

फोटो निघाले. साहेबांनी वंजळीत पाणी घेऊन वर उडवलं, त्याचाबी फोटो निघाला. आन् मंग नागेश साहेबाच्या कानाशी लागला, साहेबानं घड्याळ बघितलं, हरिओमला खूण केली. हरिओम परत चाकाकडं चालला.

"आवो, काय करायलेत?" मी विचारलं.

"बंद करायलो," हरिओम म्हणला. "आवर्तन आज संपलं, मावशी. आता पुढच्या महिन्यात."

"आन् हे सोडलं ते?"

"हे उद्घाटनाचं होतं."

उद्घाटनाचं! मी धावले आन् त्या चाकाच्या आऱ्यांतून माझा उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. पलीकडच्या लोखंडी खांबाला घट्ट धरलं.

"फिरव आता," मी म्हणलं.

हरिओमनं चाकावरला हात असा काढला, जसं काही ते चाक म्हंजी चुलीवरला तापलेला तवा हाय. "बाई, हात मोडंल!"

"मोडू दे. फिरव."

साहेबांच्या तोंडचं हसू गेलं. मंडपातला एक जण म्हणला, बाजूला करा तिला. पण करायचं कुणी? साहेब हरिओमला म्हणले, गेट बंद करा. हरिओम म्हणला, "साहेब, माझा गुत्ता उघडबंद करायचा हाय, बाईमाणसाच्या हाताची जिम्मेदारी माझी न्हाई, लेखी द्या." साहेब नागेशला म्हणले, तू कर. नागेश म्हणला, "सर, ऑपरेटरची पोस्टच नाही आपल्याकडे." मोजणारा म्हणला मी मोजणीवाला. देखरेखवाला तर देखरेखच करीत होता. एवढ्या जीपा भरून माणसं, आन् चाक फिरवायची नोकरी त्यातल्या एकाचीबी न्हवती! आन् तवर पाणी चाललं होतं खाली, खळखळ.

पोलिसाला फोन गेला. बाईपोलीस पायजे म्हणून ते अडले, तालुक्याहून यायचं म्हणले. तवर साहेब जेवायला बसले. खरंच बसले, खोटं सांगत न्हाई. मी चाकात हात घालून वाकलेली, आन् तिकडं पंगत उठायलीय, जिलबीचा आग्रह व्हायलाय. लोखंड उन्हानं भाजत होतं, दंडाला फोड आले. मान तर आदीच आखडलेली. सुलाबाई माझ्यापाशी बसून ऱ्हायली, पदरानं माझ्या डोक्यावर सावली धरून. तिनं कांदा-भाकरीचा घास माझ्या तोंडात दिला.

"पाणी कुठवर गेलं असंल गं?" मी विचारलं.

"निम्मी चारी वलांडली असंल. पंडितरावाच्या दाराला रंगनाथ काय कुणाला हात लावू देणार न्हाई."

"तू जा खाली. आदी तुमची पाळी हाय, दारं धरायला माणूस पायजे."

"मी जाईन आन् हे तुला उचलून टाकतील."

"टाकूदे. पाणी तवर पोचतंय. जा म्हणते ना!"

ती गेली. पळतच गेली, ह्या वयात.

जेवण झालं तरी बाईपोलीस काही आली न्हाई, आन् साहेबांच्या जीपा एकेक करून निघाल्या. पुढं दुसऱ्या गावात कार्यक्रम होता म्हणले. नागेश तेवढा मागं ऱ्हायला, गेटापशी उकिडवा बसला. त्यानं पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली.

"मावशी, काढा हात. मी नाही बंद करत. तो अधिकारच नाही मला. माझं काम फक्त वर कळवायचं."

"मंग कळीव की. म्हणावं, पाणी चालू हाय."

त्यानं खरंच फोन केला. तेवढ्यात मालकाची हाळी आली, एका रानातून दुसऱ्या रानात पोचत. सुलाबाईच्या रानात पाणी लागलं म्हणून. मी हात काढला. काढला म्हंजी, नागेशनं धरून तो बाहेर घेतला, माझ्या इच्छेनं तो हलायलाच तयार न्हवता. कोपर निळंसार. तसाच तो पोटाशी धरून मी चारीच्या कडंनं खाली निघाले.

दिस मावळतीला टेकला होता. सुलाबाईच्या रानात पाणी एका साऱ्यातून दुसऱ्यात शिरायलं होतं, भेगा बुडबुडे सोडीत मिटायल्या होत्या, गव्हाच्या वंब्या वाऱ्यावर हलायल्या होत्या. ती साडी खोचून पोटऱ्या चिखलात घालून दारं धरायली होती. शेवटाकडचं अर्धं रान भिजलं होतं. ते सगळं भिजलं की मंग आमचं. मालक आमच्या रानात पाणी न्यायच्या दंडावर खोरं घेऊन तयारच उभे.

आन् पाणी बारीक झालं.

पैले मला वाटलं पंडितरावानं दार फोडलं. पण रंगनाथ वरून पळत आला, धापा टाकीत. "पंडितरावाचं न्हाई. मोठा कालवाच पडायलाय. वरून, धरणाकडून बंद केलाय."

बघा म्हंजी! उघडायला त्यांच्याकडं माणूस न्हवता. इतक्या दिसांत एकबी सापडला न्हाई. बंद करायला मातर एका फोनवर सापडला. दिस मावळायच्या आत.

मी खाली बसले. आमच्या गव्हाकडं बघितलं. मालक खोऱ्यावर हनुवटी टेकून उभे ऱ्हायले. मी त्यांना काय सांगू, की हात मोडून घेतला तो दुसऱ्याच्या रानासाठी? आन् सुलाबाईचं रान दुसऱ्याचं म्हणायची लाजबी वाटायली. पण पोट तर पोटच हाय. मी रडले. त्या साहेबांना, त्यांच्या जीपांना, जिलब्यांना, सगळ्यांना नावं ठेवीत मोठ्यानं रडले.

चारीत जे काही उरलं होतं ते वाहत अजून सुलाबाईच्याच रानात चाललं होतं. तिच्या अजून अर्ध्या रानाला ते पायजे होतं, आन् पाळीबी तिचीच होती. मी मान वर करून बघते तर ती आमच्या दोघींच्या बांधावर चढलेली. खोरं डोक्यावर उचललं आन् बांधावर हाणलं.

"आगं, काय करायलीस? बांध फोडायलीस काय?"

"दिसंना का तुला?" तिनं परत हाणलं. ढेकळं उडाली.

"सुलाबाई, तुझा निम्मा गहू कोरडा हाय अजून!"

"आन् तुझा सगळा कोरडा हाय."

"शेजपाळी तुझी हाय! कायद्यानं..."

"कायदा सांगायला आलीस मला? कायदेवाले जिलबी खाऊन गेले." ती रंगनाथकडं वळली. "बघत काय उभे ऱ्हायलात? चारीचं तोंड हिकडं वळवा. त्यांच्या दंडात आता पाणी चढायचं न्हाई, ह्या फुटक्या बांधातनं जाऊ द्या."

रंगनाथनं क्षणभर आपल्या कोरड्या साऱ्यांकडं बघितलं. त्याचाबी वरीसभराचा दाणा होता तो, वाटणारच. पण वाकला आन् चिखल वढायला लागला. मालक कंबर विसरून त्याच्या बाजूला बसले.

पाणी आमच्या बांधातून आत आलं. जोर न्हवता त्याला, गढूळ, पाल्यानं भरलेलं. पहिल्या साऱ्याच्या भेगांत शिरलं. मी डाव्या हातानं माती वढून त्याला वाट करून देत ऱ्हायले आन् सुलाबाई पलीकडून. अंधार पडंस्तोवर आमच्या दोन्ही रानांचा अर्धा अर्धा गहू भिजला. उरलेला अर्धा वाळला. दोन्ही घरांचा.

आता चौकशी बसलीय. पाणी कुणाच्या हुकमानं चालू ठिवलं, ते शोधायला. समितीत पाच साहेब हायेत, त्यांना नवी जीप मंजूर झालीय म्हणतेत. काल आले होते. माझा हात बघितला, फोटो काढला, वहीत लिहिलं. जाताना त्यातला एक जण सुलाबाईच्या बांधाकडं बोट करून म्हणला, हा बांध कोणी फोडला, त्याचीबी नोंद घ्यावी लागंल.

सुलाबाई म्हणली, "घ्या की. सुलाबाई रंगनाथ. आन् त्याच्याच खाली लिहा, ह्या दोन रानांतला अर्धा गहू कोणी मारला ते."

त्यानं पेनाचं टोपण लावलं आन् जीपीत जाऊन बसला.